नवऱ्याचा अंगठा

गुरुवारी दुपारी भुरीबाई दवाखान्याच्या स्वैपाकघराच्या ओट्यावर बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. हे काम तिथं मानाचं समजलं जाई. जिनं महिनाभर आरडाओरडा केला नाही, ताट फेकलं नाही, दुसरीच्या झिंज्या ओढल्या नाहीत, अशाच बाईच्या पुढ्यात डाळ येई. सरकारी डाळीत खडे इतके निघत, की एका पावसाळ्यात त्यांच्यावर मोरीची अख्खी पायरी बांधून झाली. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन पाहावी, पायरी अजून आहे.

बिस्मिल्लाबी दारात येऊन उभी राहिली. बायकांच्या वार्डाची ही आया. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात तंबाखू, आणि मन तसं मऊ.

"भुरी, चाल. तुझा मरद आला."

भुरीनं मान वर केली नाही. "आपा, पाय पाह्यले का त्याचे?"

"मी काय लोकाइचे पाय पाहत बसू का?"

"धूळ हाय का पायाले, तेवढं पाहून ये."

बिस्मिल्लाबीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पुन्हा तेच? चौदा नंबरात जायचं हाय का तुले?"

हातातला खडा भुरीनं खड्यांच्या ढिगात न टाकता चुकून डाळीत टाकला, आणि उठली.

हा वेड्यांचा दवाखाना वणीच्या रस्त्याला, गावापासून दूर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होता. जिथं कापसाचे बोजे कोंडत, तिथं आता माणसं कोंडत. दारावरच्या पाटीवर आधीच्या राज्याचं नाव पुसून नुकतंच महाराष्ट्र लिहिलं होतं. कुलपं मात्र जुनीच होती. आत शिरताच भिंतीवर पत्र्याची दुसरी पाटी होती, नियमांची. नियम एकंदर अकरा. पण पेंटरनं सुरुवातीला अक्षरं ऐसपैस काढली, आणि अकरावा नियम पाटीवर मावलाच नाही. नुसता आकडा राहिला, पुढं कोरा पत्रा. तो नियम काय होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यात जास्त शिक्षा त्याच नियमाखाली होत.

भुरी तिथं आली ती कार्तिकात. झरीकडच्या जंगलकडेच्या तांड्यावरची ही बाई. दुसरं मूल पोटातच गेलं, आणि तिचं बोलणं थांबलं. मग चार दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिली. उठवलं तर चावायची. भगत झाला, कोंबडं झालं. शेवटी पाटलाच्या सांगण्यावरून नवऱ्यानं, शंकरसिंगानं, तिला गाडीत घालून इथं आणलं. देवराव बाबूनं, म्हणजे इथल्या कारकुनानं, त्याचा अंगठा घेतला आणि पहिला नियम वाचून दाखवला: ज्यानं रुग्णाला दाखल केलं, त्याच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं रुग्ण सुटेल.

शंकरसिंग म्हणाला, "मीच घातली, मीच नेईन ना साहेब. दुसरा कोन येते इथं."

पंधरा दिवसांनी तो भेटायला आला. तांड्यावरून चार कोस चालत. पायांना गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ, मिशांत धूळ, फेट्यात धूळ. फडक्यात भाकरी आणि गुळाचा खडा. बाहेरचं खाणं देता येत नाही, तो पाचवा नियम. तेव्हा त्यानं जाळीच्या पलीकडं बसून ती भाकरी स्वतःच खाल्ली, भुरीच्या देखत, रडत रडत. भुरी तोवर बरीच ताळ्यावर आली होती. तिनं विचारलं, "जमनी कशी हाय?"

जमनी त्यांची पोर, पाच वर्षांची.

"रोज इचारते, याडी कधी येते म्हनून. पुढच्या महिन्यात नेतोच तुले. कापूस येचून होऊ दे."

याडी म्हणजे आई. तो शब्द भुरीनं उशाशी घेतला आणि दिवस काढू लागली.

मग पौषात वरून साहेब तपासणीला आले. त्यांनी भुरीच्या दंडांकडं बोट केलं. "हे काय आहे?"

दोन्ही दंडांत खांद्यापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. तांड्यात त्यांना बलिया म्हणतात. लग्नात चढतात, त्या नवरा मेल्यावरच उतरतात. एरवी न्हाताना नाही, बाळंतपणात नाही, मरतानाही नाही. इतके दिवस बिस्मिल्लाबीनं त्यांच्याकडं काणाडोळा केला होता. पण तिसरा नियम स्पष्ट होता: अंगावर कठीण वस्तू असू नये.

मंगळवारी सकाळी मिस्त्री करवत घेऊन आला. चौघींनी भुरीला धरलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणत राहिली, "तो मरंल. बापा, तो जिता हाय, नोका कापू, तो मरंल..." करवत चालली तशी खोलीत जळक्या हाडाचा वास पसरला. पिठासारखा पांढरा भुगा तिच्या मांडीवर पडला. एकेक बांगडी कट् करून दुभंगत गेली. अठरा होत्या. देवरावनं यादीत लिहिलं, "हाडाचे तुकडे, छत्तीस", आणि पिशवीला चिठ्ठी बांधली.

दोन दिवसांनी, गुरुवारी, शंकरसिंग आला.

जाळीपलीकडं उभा राहिला. भुरीचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याला डोळे भरून पाहिलं, वरून खाली. आणि खाली पोचताच तिची नजर तिथंच थिजली. चार कोस चालून आलेल्या माणसाचे पाय नुकतेच धुतल्यासारखे होते. वहाणा नव्हत्या. नखांत मातीचा कण नव्हता. शेजारी दुसऱ्या बायांचे भाऊ, बाप उभे होते, सगळे पिंडऱ्यांपर्यंत पांढरे. उन्हातून चालून आलेला जो तो घाम पुसत होता. शंकरसिंगाच्या कपाळावर थेंब नव्हता. आणि जाळीतून तो वास येत होता. करवतीखालच्या हाडाचा.

"जमनीची याडी," तो म्हणाला, "चाल."

भुरी मागं सरली आणि बिस्मिल्लाबीला म्हणाली, "आपा, हा मेलेला हाय."

वह्यांत असल्या गोष्टींना जागा असते. डॉक्टरांनी लिहिलं, "जिवंत पती मृत आहे असा भ्रम." भ्रमाला औषध चौदा नंबरची खोली. खिडकी नाही, दाराला वीतभर झडप, आणि रोज संध्याकाळी एक सुई, जिच्यानंतर जीभ तोंडात ओल्या बोळ्यासारखी पडून राही. पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुन्हा विचारलं, "तुझा नवरा जिवंत आहे की नाही?" भुरीनं खरं ते सांगितलं. पुन्हा पंधरा दिवस.

शंकरसिंग दर गुरुवारी येई. अंगठा देई, जाळीपाशी उभा राही, चार वाजता जाई. पाणी मागत नसे, विडी ओढत नसे. शिपाई म्हणत, असा गरीब माणूस पाहिला नाही.

दुसऱ्यांदा चौदा नंबरातून निघाली, तेव्हा बिस्मिल्लाबीनं तिच्या केसांना तेल लावता लावता कानाशी तोंड आणलं. "माह्यं आयक. तुह्या मनात काय असंल ते असू दे. डॉक्टर इचारंल तर म्हन, जिता हाय. खोटं तर खोटं. लेकीकडं जायचं हाय का नाही?"

"त्याच्यासंगं जा लागंल ना, आपा."

"मंग? नवराच हाय तो तुहा."

भुरीनं तेलाचा ओघळ कपाळावरून पुसला. मग म्हणाली, "तांडा चार कोस हाय. चार कोस कसेबी जातील."

तेव्हापासून ती शहाणी झाली. डाळ निवडू लागली. आणि त्या गुरुवारी, ओट्यावरून उठून, फाटकाजवळच्या ऑफिसात गेली. डॉक्टर होते, देवराव होता, आणि दाराशी तो होता.

"काय बाई," डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण?"

"माहा मालक."

"जिवंत आहेत ना?"

भुरीनं शंकरसिंगाच्या पायांकडं पाहिलं नाही. "जिता हाय साहेब. मीच येडी होती."

डॉक्टर प्रसन्न हसले. देवरावनं कागद पुढं केला, शंकरसिंगाचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला, आणि हात चटकन मागं घेतला. "केवढा गार पडलाय हो हात. माघाची थंडी अंगात मुरली वाटतं." अंगठा स्वच्छ उमटला. शंख, रेघा, सगळं. कुठल्याही कोर्टात चालला असता.

बिस्मिल्लाबीनं तुकड्यांची पिशवी आणि आरसे लावलेली कांचळी, तिची चोळी, भुरीच्या हातात दिली. "जाय मा. आता इकडं तोंड नोको दाखवू."

रस्त्याला लागले तेव्हा अडीच वाजले असतील. तो पुढं, ती दहा पावलं मागं. दोन्हीकडं पळस पेटला होता. उन्हानं डोळे दिपत होते. असल्या लख्ख उजेडात भ्यायचं तरी कसं, हेच भुरीला कळेना. ती त्याच्या टाचांकडं पाहत चालली. धुळीत तिच्या पावलांचे ठसे पडत होते. त्याच्या पावलांखालच्या धुळीकडं तिनं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

समोरून कापसाची रिकामी गाडी आली. गाडीवाल्यानं बैल आवरले आणि विचारलं, "बाई, एवढ्या उन्हाची एकलीच कुठं चालली व?"

भुरीनं पुढं पाहिलं. शंकरसिंग गाडीला वाट देऊन कडेला उभा होता, बैलाच्या शिंगापासून हातभरावर.

"घरी," ती म्हणाली. गाडी निघून गेली.

तिच्या आता ध्यानात आलं. दवाखान्यात तो सगळ्यांना दिसत होता, कारण तिथं वहीत त्याचं नाव होतं. रस्त्याला वही नव्हती.

दोन कोसांवर तिनं धीर केला. "जमनीच्या बापा... कसं झालं?"

तो न थांबता म्हणाला, "तुलेच न्याले निघालतो. मंगळवारी. गाडीवाल्यानं बसवून घेतलं. कापसाचा बोजा घसरला."

"लागलं काय?"

"मधातच जीव गेला. अंगठा राहूनच गेलता ना द्यायचा."

भुरीला वाटलं, याच्याइतकं कोणी केलं नाही आपल्यासाठी. आणि त्याच वेळी तिची पावलं आपोआप मंद पडत गेली.

सूर्य कलला तेव्हा ते नाल्यापाशी पोचले. तिथून वाट फुटते. डाव्या हाताला चढ, वर तांड्यातल्या चुलींचा धूर. उजवीकडं नाल्यातून खाली मसणवट. शंकरसिंग उजवीकडं वळला.

"इकडून," तो म्हणाला.

"जमनी तिकडं हाय."

तो वळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याचं तोंड जाळीशिवाय पाहिलं. ओळखीचं होतं, मायेचं होतं. तेच वाईट होतं.

"तू चाल तर," तो म्हणाला. "जमनीलेबी आनतो."

भुरीनं पिशवी छातीशी धरली आणि चढाकडं धाव घेतली. मागून पावलांचा आवाज आला नाही. पण आवाज येणार नव्हताच.

तांड्यात सासू सुखीबाई दाराशी भाकरी थापत होती. भुरीला पाहताच तिची नजर आधी दंडांवर गेली. उघडे दंड, त्यांवर करवतीचे व्रण. म्हातारीनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. "तुले कोनं सांगतलं व? आमी तर सांगतलंच नाही तुले..."

दीर लखीराम बाहेर आला. "भाबी? तुले कोनं सोडलं?"

"जमनीच्या बापानं," भुरी म्हणाली. "अंगठा देला त्यायनं. नाल्यापावतर संगं होते."

तव्यावरची भाकरी करपली. सुखीबाईच्या पदराआडून एक पोर डोकावली, दात पडलेली, केस तेलाविना उडालेले. तिला आई आधी ओळखू आली नाही. भुरी खाली बसली, हात पुढं केला. पोर हळूच आली आणि दंडावरच्या व्रणाला बोट लावून म्हणाली, "याडी, इथल्या बांगड्या कुठं गेल्या?"

भुरीनं तिला असं आवळून धरलं की पोर रडायला लागली. "हिले सोडू नोका," ती म्हणत राहिली. "गुरुवारी तर घराभाईर काढूच नोका. तो येनार हाय. म्हनला मले, जमनीलेबी आनतो म्हनला. दाराले कडी लावा..."

म्हातारीनं लखीरामाकडं पाहिलं. रात्रभर भुरीनं पोरीला मिठीतून सोडलं नाही, आणि सकाळी चार माणसांनी मिठी सोडवली. दोरीनं बांधून गाडीत घातलं. वाटेत लखीराम रडत होता. "भाबी, माफ कर मले. तू पोरीले मारून टाकशीन असं वाटलं याडीले."

दवाखान्यात देवरावनं फाईल काढली. लखीरामनं सांगितलं, भाऊ तर पौषातच मेला. तांड्याच्या नाईकानं कार्डही टाकलं होतं.

"कार्ड आलंय," देवराव म्हणाला, आणि ते फाईलीतून काढून दाखवलं. पौषातल्या तारखेचा शिक्का, मजकूर नीट, वर त्याच्याच हातची खूण. "दहावा नियम. रुग्णास अशुभ वार्ता कळवू नये. वाचून लावून टाकलं होतं."

"मंग हिले नेलं कोनं?"

देवरावनं कालचा कागद कार्डाशेजारी ठेवला. एका बाजूला माणूस मेल्याची बातमी, दुसऱ्या बाजूला त्याचा ताजा अंगठा. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कपाळाला घाम आला होता. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यानं दोरा आवळला.

"दोन्ही कागद नियमाप्रमाणे आहेत," तो म्हणाला. "फाईल जुनीच चालू ठेवू. बाई पुन्हा दाखल."

"आता हिले कोन सोडवंल, साहेब?"

"ज्यानं घातली तो."

"तो तं मेला ना."

"मग अडचण आहे," देवराव म्हणाला.

काल तिनं डॉक्टरांना नवरा जिवंत आहे म्हणून सांगितलं होतं. आज सगळे सांगत होते की मेला. कालच्या उत्तराबद्दल तिला वेडी ठरवलं. आधीच्या उत्तराबद्दल चौदा नंबरात घातलं होतं, ते दिवस कोणी परत दिले नाहीत. आता तिला तिथंच पुन्हा नेऊ लागले, तेव्हा ती शांत होती. दोर सुटताच तिनं देवरावचे पाय धरले.

"बाबू, मले ठेवा, काय करायचं ते करा. पन एक कारड लिहा. आजचं आज. गुरुवारी पोरीले घरात कोंडून ठेवा, एवढंच लिहा."

देवराव वाईट माणूस नव्हता. त्यानं दौत ओढली आणि तिच्या देखत लिहिलं, सुंदर अक्षरात, ती सांगेल तसं, शब्द न गाळता. टीपकागदानं टिपलं. भुरीनं दोनदा हात जोडले आणि आपल्या पायांनी चौदा नंबरात गेली.

रुग्णाचं पत्र बाहेर पाठवू नये, फाईलीस लावावं, हा सातवा नियम. देवरावनं लावलं.

सहा दिवस भुरी अंधारात बसून हिशेब करत राहिली. कार्ड शनिवारी झरीला पोचंल. सोमवारी बाजार, लखीराम टपालात जाईल. मंगळवारी तांड्यात वाचतील. ते खरं मानोत, न मानोत, लिहिलेलं आहे म्हणून तरी मानतील. लिहिलेलं लोक मानतात, हे ती इथंच शिकली होती.

गुरुवार उजाडला. दोन वाजले. बाहेर फाटकाची कडी वाजली, लोकांची कुजबुज ऐकू आली. भुरी दाराला कान लावून उभी होती. अडीच झाले असतील. आणि मग झडपेतून वास आला. जळक्या हाडाचा.

किल्ल्या वाजल्या. झडप सरकली. बिस्मिल्लाबीचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. तोंडातला तंबाखू ती चघळायची विसरली होती.

"भुरी... तुहा मरद आला."

भुरीनं झडपेशी तोंड आणलं.

"देवराव बाबूनं अंगठा घेतला त्याचा. मी म्हनलं, बाबू, कायले घेता... तर म्हनते, भेटीची येळ हाय, नियम हाय." तिनं तोंडातला तंबाखू थुंकला. "एकटा नाही आला आज. पोरगी हाय संगं. हात धरून उभी हाय. दात पडलेली. म्हनते, याडीले बलावा."

भुरीनं झडपेतून दोन्ही हात बाहेर काढले आणि बिस्मिल्लाबीचं मनगट धरलं. दंडावरचे व्रण झडपेच्या काठाला घासले.

"आपा," ती म्हणाली, "मी तुले पयलेबी सांगतलतं. आज तरी पाह्यलं असंल तू. पोरीच्या पायाले धूळ हाय का?"

बिस्मिल्लाबीनं मान वळवून फाटकाकडं पाहिलं. पाहतच राहिली. चार वाजल्याची घंटा झाली, भेटीला आलेले सगळे आपापल्या वाटेनं गेले, तरी तिचं मनगट भुरीच्या हातात तसंच होतं, आणि नजर फाटकापाशी उरलेल्या पोरीच्या, नुकत्याच धुतल्यासारख्या पायांवर.